कार्ड शिगोशीग भरून मिळेल

परतवाड्याच्या एसटी स्टँडसमोर रसवंती आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये एक फट होती. त्या फटीत एक कॉम्प्युटर, एक स्टूल आणि शफीक एवढं मावत असे. गिऱ्हाईक बाहेर, उन्हात. वर ‘शाहीन रेकॉर्डिंग सेंटर’ असा बोर्ड होता. आत रेकॉर्डिंग काहीच होत नसे. ते नाव कॅसेटच्या काळातलं होतं आणि पत्रा चांगला जाड असल्यामुळे शफीकने तो बदलला नव्हता. कॅसेट जाऊन सीडी आली तेव्हा त्याने स्टँडवर जाहीर केलं होतं की आता यापुढे काही येणार नाही. मग सीडीही गेली, नखाएवढं मेमरी कार्ड आलं, तेव्हा त्याने पुन्हा तेच जाहीर केलं.

हे दोन हजार बारा-तेराचे दिवस. वऱ्हाडात तेव्हा दोन गोष्टी गावोगाव पोचल्या होत्या, समित्या आणि मोबाईल. समिती यायची, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीला हात लावून फोटो काढून घ्यायची आणि शिफारशी करायला निघून जायची. मोबाईल मात्र राहायचा, आणि राहिला की त्यात गाणी लागायची.

शफीकच्या धंद्याला कायद्याच्या पुस्तकात जे नाव असेल ते असो, परतवाड्यात त्याला ‘भरणं’ म्हणत. गाणे भरून दे, पिक्चर भरून दे. आणि भरणं म्हटलं की वऱ्हाडी माणसाच्या डोळ्यांपुढे धान्याची पायली येते. पायली काठोकाठ भरली म्हणजे भरली, असं इकडे कोणी मानत नाही. वर शीग लागते. दाणे ओघळून पायाशी पडायला लागले की माप पुरं झालं. मेमरी कार्डालाही हाच न्याय लागू झाला. पडद्यावर कार्ड किती भरलं ते दाखवणारी पट्टी असायची. तिच्या उजव्या टोकाला पांढरी जागा उरली की बाहेरून उन्हातून एक बोट आत येई.

“हे कायले रिकामं ठेवलं?”

“तेवढं राहू द्यावं लागते नत्थुजी. कार्डाले श्वास घ्याले जागा पायजे.”

“कार्ड हाय का म्हैस? भर.”

मग शफीक भरत असे. उरलेल्या जागेत अख्खं गाणं बसत नसे, म्हणून त्याने ‘फुटकळ’ नावाचं एक फोल्डर केलं होतं. त्यात रिंगटोन, तुटकी गाणी, कोंबड्याची बांग, कुणाच्या तरी साखरपुड्यातलं हसणं असा माल होता. त्यातून हाताला येईल ते, न बघता, तो वरून टाकत जाई. पट्टी लाल झाली की गिऱ्हाईक समाधानाने मान हलवी. पुढे त्याने बोर्डाखाली खडूने लिहूनच टाकलं : कार्ड शिगोशीग भरून मिळेल.

याच सुमारास ‘बळीराजा मनोबल मोहीम’ नावाची एक मोहीम निघाली होती. कोणी काढली हे आता त्या मोहिमेलाही आठवत नसेल. एका गाडीतून दोघं उतरले आणि शफीकला एक भाषण देऊन गेले. ते पुण्याच्या एका डॉक्टरांचं होतं. दुःख ही केवळ एक मनःस्थिती असून शेतकऱ्याने पहाटे उठून आरशात बघून हसावं, असं त्यात फार शांत आवाजात सांगितलेलं होतं. प्रत्येक कार्डात ते फुकट भरावं अशी विनंती होती. शफीकने ती आनंदाने मानली. फाईल वजनदार होती, पांढरी जागा चटकन भरायची.

शफीकचा एक जोडधंदाही होता. उडालेले फोटो, गाणे, व्हिडिओ तो परत आणून देत असे. कुणाच्या लग्नाचे फोटो पोराच्या हातून पुसले गेले, कुणाचं बारशाचं शूटिंग गायब झालं, की माणूस रडवेला होऊन येई. शफीक आधी त्याला रस पाजे आणि मग तत्त्वज्ञान.

“फाईल मरत नसते भाऊ. तिचा फक्त पत्ता मिटते. घरावरची पाटी काढली तं घर पडते काय? जोपर्यंत तिच्या जागेवर दुसरं कोणी राहाले येत नाई, तोपर्यंत ती तिथंच बसून रायते. आपुन फक्त जाऊन दरवाजा ठोकाचा.”

हे त्याने इतक्या जणांना ऐकवलं होतं की रसवंतीवाल्यालाही पाठ झालं होतं.

शफीकची आई जैनबबी बांगडीवाली होती. डोक्यावर पेटी घेऊन तिने मेळघाटच्या पायथ्याची गावं उभ्या जन्मात कितीदा तुडवली, याचा हिशेब तिच्या टाचांनाच ठाऊक. बांगडी चढवताना फुटली तर ती बांगडीवालीच्या नावावर, असा रिवाज. त्यामुळे रागावून हात मऊ करायची कला तिने साधली होती. “हात ढिला सोड वो बाई, कोणाचा गळा धरून राह्यली?” म्हटलं की पाटलिणीचाही हात ढिला पडे. घरात ती हिंदी बोले, पण रागवायला मात्र तिला वऱ्हाडी लागे. हिंदीत रागावलं तर फक्त घरच्यांना कळते, असं तिचं म्हणणं होतं. तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की सून शाइस्ता हातातलं काम टाकून आधी डोक्यावर ओढणी घेत असे. जैनबबीने सुनेला कधी वाईट म्हटलं नाही. तोंडावर कधी बरंही म्हटलं नाही.

एका दुपारी शफीक नवा मोबाईल घेऊन त्यातलं रेकॉर्डिंगचं बटण कसं चालतं ते पाहत असताना जैनबबी दुकानावर आली. घरात पीठ नव्हतं. सकाळी शफीकने दळणाचा डबा चक्कीवर नेऊन ठेवला होता आणि तो आणायचा विसरला होता. दुकानासमोर नेहमीसारखी आठ-दहा टाळकी फुकट गाणी ऐकत बसली होती. जैनबबीने आधी त्यांना घेतलं, “ऊठा! ऊठा इथून! घरदार नाई का तुमाले? दुसऱ्याच्या दारात येऊन बसता, लाज कशी नाई वाटत!” आणि मग शफीककडे वळली. शफीकने मोबाईल गल्ल्याआड धरून गमतीने बटण चालूच ठेवलं. ती बरंच बोलली. मग वीज गेली, जैनबबीही घरी गेली, आणि वीज आल्यावर शफीकने ते कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात जैनबबी साध्या तापाने वारली. तो मोबाईलही रसवंतीच्या बादलीत पडून तिच्यामागे गेला. घरात तिचा एक फोटो होता, मतदार ओळखपत्रावरचा, त्यात ती कुणाचीही आई वाटली असती. कॉम्प्युटरवर ‘अम्मी’ नावाची ती एक फाईल तेवढी राहिली. बाहेरच्या गिऱ्हाइकाला वरातीच्या गाण्यांच्या रांगेत ते नाव दिसू नये म्हणून शफीकने ती ‘फुटकळ’मध्ये सरकवून दिली. ती त्याने पुन्हा ऐकली नाही. शाइस्तालाही सांगितलं नाही. विहिरीत पाणी आहे एवढं ठाऊक असलं की माणूस रोज वाकून बघत नाही.

मग लग्नसराई लागली आणि भारनियमनही. दोघांचा मुहूर्त दर वर्षी एकच असतो. एके दिवशी कार्ड भरता भरता वीज गेली, आली, पुन्हा गेली. कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा डी ड्राइव्ह, म्हणजे शफीकची अख्खी इस्टेट, उघडेना. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलेलं होतं. इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला ‘येस’ म्हणायचं, ही शफीकची जुनी शिस्त. त्याने ‘येस’ दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं होतं की सगळं पुसू का. पुसलं.

शफीक घाबरला नाही. फाईल मरत नसते. त्याने आपलं सॉफ्टवेअर काढलं, दरवाजा ठोकला आणि आतून गाणी बोलायला लागली. बाहेर तीन बँडवाले आणि एक डीजेवाला उभा होता.

“शफीकभाऊ, आज वरात हाय ना बाप्पा! नवरदेव घोड्यावर बसून राह्यला, अन् घोडा मुका नाचन का?”

शफीकने भराभर गाणी बाहेर काढली आणि ठेवायला जागा हवी म्हणून समोर दिसलेल्या रिकाम्या ड्राइव्हमध्ये ठेवत गेला. गाण्यांची नावं गेली होती, नुसते आकडे आले होते, पण वरात निघाली. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर त्याने ‘अम्मी’ शोधली. ती यादीत होती. नाव शाबूत होतं. त्याने स्टूल आत ओढलं, आवाज बारीक केला आणि फाईल लावली.

आतून बँड वाजला. नवरदेवाची घोडी, ढोल, शिट्ट्या. वर नाव ‘अम्मी’.

दुसऱ्या दिवशी त्याने डिस्क टॉवेलात गुंडाळली आणि अमरावतीची बस धरली. राजापेठेत, दोन ट्यूशन क्लासच्या वर, शिवम नावाच्या इंजिनियर मुलाने ‘डेटा हॉस्पिटल’ काढलं होतं. चपला बाहेर, आत गारवा, भिंतीवर दवाखान्यात असतं तसं शांतता राखण्याचं चित्र. शिवमने डिस्क दोन बोटांनी उचलून कानाशी धरली.

“चाचा, रिकव्हर केलेल्या फायली तुमी ठेवल्या कुठं?”

“डी ड्राइव्हमधी.”

“अन् उडालं होतं कोणतं?”

“डी ड्राइव्ह.”

शिवमने चष्मा काढून पुसला. नातेवाइकांना बाहेर बोलावताना डॉक्टर करतात तसा चेहरा त्याने केला. “म्हणजे ज्या घरात हरपलेलं माणूस शोधाचं होतं, त्याच घरात तुमी वरात उतरवली.”

“मले माईत हाय ते. मीच सांगतो लोकायले.”

“मग?”

“सीझन होता,” शफीक म्हणाला.

शिवमने तरी डिस्क ठेवून घेतली आणि आठवड्याने फोन करून सांगितलं की पेशंट गेला. गाणी आणखी पाच-पन्नास मिळाली, हवी तर घेऊन जा म्हणाला. शफीकने घेतली.

घरी शाइस्ताने विचारलं, “क्या हो गया ऐसा? गानेच तो थे. फिर आ जाएँगे.”

“हव,” शफीक म्हणाला.

गाणी खरंच आली, आणि ती शफीकच्याच युक्तीने. त्याने खडूने नवीन बोर्ड लिहिला : ज्याने आमच्याकडून कार्ड भरले त्याने आणून दाखवावे, नवीन गाणे फुकट. फुकट हा शब्द स्टँडवर वाऱ्यापेक्षा जोरात फिरतो. अचलपूर, धारणी, पथ्रोट, सगळीकडून कार्डं आली. शफीक त्यातून आपला माल उतरवून घेई. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपली खरी तिजोरी या फटीत कधी नव्हतीच. ती लोकांच्या सदऱ्यांच्या खिशात, कमरेच्या पिशव्यांत आणि ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डावर फिरत होती. पंचक्रोशीतल्या एका नामांकित कीर्तनकारांच्या कार्डात ‘भजन’ नावाच्या फोल्डरमध्ये भजन सोडून सगळं निघालं. शफीकने तेही मुकाट्याने उतरवून घेतलं. माल त्याचाच होता. पुण्याच्या डॉक्टरांचं भाषण तेवढं एकाही कार्डात सापडलं नाही. ते लोकांनी घरी पोचायच्या आत पुसलेलं असे.

वरच्या शिगेतला फुटकळ माल मात्र तो परत घेत नव्हता. कोंबड्याची बांग कोण शोधत बसतो? ‘अम्मी’ तर त्याने कुणाला दिलीच नव्हती. निदान देताना पाहिलं नव्हतं.

हरभरा घाट्यावर आला तेव्हा एका दुपारी खैरखेड्याचे नत्थुजी आले. खैरखेडा हे डोंगराच्या पायथ्याचं गाव. तिथे पीक शेतकरी काढतो आणि खायला रानडुक्कर येतं. नत्थुजींनी वावरात एक भोंगा बसवला होता. मेमरी कार्ड टाकलं की बोलणारा चिनी डबा, त्याला बॅटरी आणि वर कर्णा. रोज दिवस बुडताना तो लावायचा आणि उजाडेपर्यंत वाजू द्यायचा.

“शफीकभाऊ, ते डुकराचं पुन्हा भरून द्या.”

“कोणतं डुकराचं?”

“ते नाई का, आखरीले रायते. बाईचं.”

शफीकने इकडेतिकडे पाहिलं. “हळू बोला नत्थुजी. कोणत्या बाईचं?”

“अहो, तसलं नोहे. भांडणाचं.” नत्थुजी उन्हातच उकिडवे बसले. “आयका आता. आधी मी वरातीचे गाणे लावले. दोन-चार दिस डुकरं बिचकले, मंग सरावले. पुढं पुढं तं गाण्याच्या टायमावरच यायचे. मंग लागलं ते तुमचं डॉक्टरचं भाषण. ते लागलं, अन् डुकरं भोंग्यापाशी येऊन बसले ना भाऊ! आरामानं घाटे खाऊन राह्यले, पिल्लं दूध पिऊन राह्यले. एक तं झोपलं. मनोबल वाढलं त्यायचं!”

“मंग?”

“मंग ते संपलं अन् बाईचं लागलं. पहिल्या बोलालेच सारे उठून उभे. ‘ऊठा इथून, घरदार नाई का तुमाले!’ आईशप्पत सांगतो, मादी पुढं, पिल्लं मागं, नाल्यापार जाऊन मागं वळून पाह्यलं नाई. त्या दिसापासून मी बाकी सारं पुसून टाकलं. एकच ठेवलं. ते संपलं की पुन्हा तेच लागते.”

शफीकने माउस सोडला. “पुढं काय म्हणते ती?”

“दळणाचं म्हणते कायतरी. शफ्या नावाचं एक पोरगं हाय, आळशी, त्याले लय...” नत्थुजी थांबले. त्यांनी वरचा बोर्ड पाहिला, मग खालचा माणूस पाहिला. “तुमीच का ते?”

“माही माय हाय ती.”

नत्थुजींनी डोक्यावरची टोपी काढली, काय करावं न सुचून पुन्हा घातली. “आमी तिले वावरात उभं केलं ना बाप्पा! आमच्या घरच्या दुर्गीनं आवाज ओयखला होता. म्हणे, ही जैनबबी हाय, माह्या लग्नातला चुडा हिनं भरला. मी म्हटलं, ती कायले येते डुकरं हाकलाले, तिले जाऊन साल झालं. तं म्हणे, तुमाले काय समजते. अन् रोज भोंग्यावर आपलं जुनं लुगडं टाकून येते, दवानं भिजू नये म्हणून.”

“कार्ड कुठं हाय?”

“तेच तं सांगून राह्यलो. ओलिताचा पाट फुटला, भोंगा पाण्यात बसला. कार्ड गेलं. म्हणून तं मालधन्याकडं आलो.”

“माह्याकडं नाई राह्यली,” शफीक म्हणाला.

एकाला हरभरा वाचवायचा होता, दुसऱ्याला आई हवी होती, आणि दोघांचा माल दुसऱ्याकडे आहे अशा खात्रीने दोघं बसले होते. शेवटी नत्थुजींनी घसा साफ केला.

“एका जागी हाय. पण मी जात नाई तिथं.”

ती जागा म्हणजे पुंजाजीचं वावर, नत्थुजींच्या बांधाला लागून. बांध कुणी कुणाकडे सरकवला यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं, आणि मोजणीवाला येऊन गेल्यापासून तर रामरामही बंद होता. दोन्ही घरच्या बायका मात्र बोलत. दुर्गाबाईने एका दुपारी पुंजाजीच्या बायकोच्या मोबाईलवर जैनबबीला पाठवून दिलं होतं, आणि त्या मोबाईलमधलं कार्डच पुढे पुंजाजीच्या भोंग्यात गेलं होतं. तेव्हापासून बांधाच्या अलीकडून आणि पलीकडून ती एकदमच रागवत असे. नवरे आपापल्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, उभे राहून ऐकत, आणि दुसऱ्याने ती कुठून आणली हे कुणी कुणाला विचारत नसे.

शफीकने भरदिवसा शटर ओढलं. रसवंतीवाला म्हणाला, “काहून बंद केलं? कोणी गेलं का?”

“नाई. सापडून राह्यलं,” शफीक म्हणाला आणि नत्थुजींना गाडीवर मागे घेतलं.

खैरखेड्याला पोचले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. दुर्गाबाई धुऱ्यावर उभी होती. शफीकला पाहून तिने आधी त्याचं तोंड निरखलं. “नाक मायचंच हाय,” ती नवऱ्याला म्हणाली. मग शफीककडे वळून म्हणाली, “थांब थोडसं. आता लावन पुंजाजी.”

ते थांबले. हरभऱ्याच्या आंबेचा आंबट वास हवेत होता. डोंगराकडून कुठेतरी फांदी मोडल्यासारखं वाजलं. मग पलीकडच्या वावरातून खरखर आली, आणि सगळ्या शिवारावरून, आयुष्यात कधी बोलली नव्हती इतक्या मोठ्या आवाजात, जैनबबी म्हणाली, “ऊठा! ऊठा इथून! घरदार नाई का तुमाले?”

बाभळीवरचे बगळे उडाले. शफीक मातीत उकिडवा बसला होता, तो उभा राहिला.

“अबे शफ्या! सकाळी दळण टाकलं होतं ना चक्कीवर? डबा कुठं हाय? दुनियाचे खिशे भरून देते, घरचा डबा रिकामा!”

“आयकून घे,” दुर्गाबाई हळूच म्हणाली. “तुह्यासाठीच हाय ते.”

नत्थुजी मात्र धुऱ्यापर्यंत जाऊन अडले होते. पाय उचलत नव्हता. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं, खाली बांधाकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांनी पहिला शब्द काढला, “ए पुंजा! तुह्या भोंग्यात याची माय हाय!”

पलीकडे मचाणावर बसलेल्या पुंजाजीने हे ऐकलं. भांडण पुन्हा सुरू करायला नत्थुजीने एवढं अजब निमित्त काढावं याचं त्याला थोडं कौतुकही वाटलं असावं. तो काठी घेऊन उतरला. मग दुर्गाबाई मधे गेली आणि तिने सगळं सांगितलं. पुंजाजीने शफीककडे पाहिलं, कर्ण्याकडे पाहिलं.

“मंग घेऊन जा ना भाऊ. माय तुमची हाय, मी कोण नाई म्हणणारा? पण सकाळी.”

“आताच द्या. मोबाईलमधी घेतो, दोन मिनिटाचं काम हाय.”

“दोन मिनिट बंद करू?” पुंजाजीने काठीने डोंगराकडे दाखवलं. नाल्यापलीकडच्या झुडपांत काहीतरी काळं, घोळक्याने, न हलता उभं होतं. “ते पाहा. वाटच पाहून राह्यले. तिनं दम घेतला का आले. माहाही हरभरा जाईन अन् याचाही.” ‘याचाही’ म्हणताना त्याने नत्थुजींकडे पाहिलं नाही, पण म्हणाला. “रातभर तिले कामावर राहू द्या. उजाडलं की कार्ड तुमच्या हातात.”

शफीकने काढलेला मोबाईल पुन्हा खिशात ठेवला. जन्मभर राबलेल्या आईला एका रात्रीची सुट्टी मागायची, तर तिच्या जागेवर उभं राहायला दुसरं कुणी हवं. पुण्याचे डॉक्टर होते, पण त्यांचा अनुभव चांगला नव्हता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शाइस्ता होती.

“कहाँ हो? दुकान बंद है बोले. आटा लाए क्या? सुबे डिब्बा चक्की पे रख के गए, मैं तवा चढ़ा के बैठी हूँ.”

शफीकने फोन कर्ण्याच्या दिशेने वर धरला.

“...अन् ती पोरगी तिकडं तवा तापवून बसली हाय,” जैनबबी शिवाराला सांगत होती. “तोंडातून शब्द काढत नाई बिचारी. गाय हाय गाय! असली सून दिवा घेऊन शोधली तरी भेटत नाई, अन् या शफ्याले त्याचं काई हाय का? तिच्या जागी मी असती तं तोच तवा याच्या टाळक्यात घातला असता!”

मग खरखर झाली, क्षणभर शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून : “ऊठा! ऊठा इथून!”

शफीकने फोन कानाला लावला. पलीकडून तवा तडतडल्याचा आवाज आला.

“सुना?” त्याने विचारलं.

“ओढनी ले ली मैंने सिर पे,” शाइस्ता म्हणाली. “हाथ अपने आप गया.” मग म्हणाली, “मेरे मुँह पे तो कभी नई बोली.”

“तुझे बोलती क्या वो? बाजार को बोली.”

“कहाँ मिली?”

“हरभऱ्यात हाय,” शफीक म्हणाला. घाईत तोंडातून वऱ्हाडीच आली. “सबेरे लाता.”

“सबेरे अम्मी को लाओ,” शाइस्ता म्हणाली. “अब्बी आटा लाओ. वो इत्ता चिल्ला के बोल रई, सुनाई नई दे रा क्या?”